अलान एडवाल: एमिलचा बाप की चर्चमधला कुबडा? (घरात भांडण लागलंय, मदत करा)

माल्मोची_मुग्धा

बाबा महिनाभरासाठी सांगलीहून आमच्याकडे माल्मोला आलेत. बाहेर अंधार आणि वारा, त्यामुळे ते दिवसभर हॉलमध्ये खुर्चीत मोबाइलवर पेपर वाचत बसतात. समोर माझी लेक (वय वर्षे ८) 'एमिल' लावून बसलेली असते. इथे नसणाऱ्यांसाठी: एमिल म्हणजे आस्त्रिद लिंडग्रेनच्या पुस्तकांतलं स्मोलांदमधल्या शेतकऱ्याचं खोडकर पोरगं. खोडी झाली की बाप "एऽऽमिल!" करून ओरडतो, एमिल पळत जाऊन लाकडाच्या खोपटात बसतो आणि सुरीने बाहुले कोरतो. स्वीडनमधल्या प्रत्येक पोराला पाठ आहे हे.

परवा बापाच्या अंगठ्याला उंदराचा सापळा बसला आणि तो एका पायावर नाचत ओरडला. बाबांनी चष्म्यावरून टीव्हीकडे पाहिलं. म्हणाले, "अगं, हा तर 'विंटर लाइट'मधला कुबडा!"

लेक म्हणाली, "आजोबा, हा एमिलचा पप्पा आहे."

"असेल. पण मी ह्याला पुण्यात फिल्म सोसायटीत पाहिलाय. तेव्हा तो ओरडत नव्हता."

दोघंही हट्टाला पेटले. शेवटी शोधून पाहिलं तर दोघंही बरोबर. अलान एडवाल, जन्म १९२४, मृत्यू १९९७. ('विंटर लाइट' हा स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा सिनेमा.) आता प्रश्न असा, की ह्या माणसाचा असा कुठला सिनेमा आहे जो सत्त्याहत्तर वर्षांचे बर्गमनभक्त आणि आठ वर्षांची एमिलभक्त एका सोफ्यावर बसून बघू शकतील? आणि दुसरं, अशा नटाला आपण चरित्र अभिनेता म्हणून मोकळे होतो, ते बरोबर आहे का?

चकलीचा_सोऱ्या

पहिला! बाकी स्वीडिश सिनेमातलं मला फक्त सोफ्यापर्यंतचं समजतं, तेही आयकियामुळे. बाबांना नमस्कार.

उप्सालाकर

मुग्धाताई, बाबांना विचारा बर्गमनचाच 'फॅनी अँड अलेक्झांडर' पाहिलाय का. पाहिला असणारच. त्यातला ऑस्कर एकडाल, म्हणजे मुलांचा बाप, हाच. मी उप्सालामध्ये राहतो. बाहेरची बरीच दृश्यं इथलीच आहेत, त्यामुळे नदीकाठी चालताना उगाच त्या घरातलाच एक असल्यासारखं वाटतं.

ऑस्कर नाटक कंपनीचा मालक, पण नट म्हणून बेताचा. 'हॅम्लेट'च्या तालमीत बापाच्या भुताचं काम करताना मध्येच थांबतो. घाम फुटलेला. आपण कुठे आहोत, इथे काय करतोय, हेच त्याला कळेना. बाकीचे सांगतात, तुम्ही भूत झालायत. तिथून त्याला घरी नेतात, तो मरतो आणि उरलेल्या सिनेमात खरोखरच भूत होऊन येतो. पांढरा सूट घालून नुसता उभा राहतो, बघत. बेताचा नट असलेल्या माणसाचं काम उत्तम नटाने करायचं ही काय चीज असते ते तालमीच्या त्या दृश्यात पाहून घ्या. आवाज थोडा जास्त लावलाय, हात थोडे जास्त फिरवलेत. थोडेच.

आठ वर्षांच्या मुलीला मात्र दाखवू नका. पुढे तो बिशप येतो आणि मुलांची झोप उडवतो.

श्टुटगार्टचा_श्रीपाद

आमच्याकडे जर्मनीत हा एमिल नाहीच, मिशेल आहे! जर्मन पोरांकडे आधीच केस्टनर ह्या लेखकाचा हेरगिरी करणारा एमिल होता, म्हणून ह्याचं नाव बदललं. नाताळ आला की टीव्हीवर मिशेल येणार म्हणजे येणारच. माझ्या शेजारच्या आजीबाई तर तो जर्मनच सिनेमा आहे असं धरून चालतात.

त्यातला सुपाच्या भांड्याचा किस्सा आमच्या घरी घरगुती म्हण झालाय. एमिलचं डोकं भांड्यात अडकतं. आई म्हणते फोडू या. बाप म्हणतो, चार क्रोनरचं भांडं आहे! मग त्याचा हिशेब सुरू होतो: डॉक्टर तीनच्या वर घेणार नाही, म्हणजे आपला एक क्रोनरचा फायदा. आता आमच्याकडे पार्किंगचा दंड आला तरी बायको विचारते, "भांडं किती क्रोनरचं होतं?"

गवती_चहा

श्रीपाद, हा हिशेब माझ्या सासऱ्यांनी केला असता तर डॉक्टरकडे गेलेच नसते, भांड्यासकट शाळेत पाठवलं असतं. हसून हसून पुरेवाट.

पडद्यामागचा

मुग्धा, तुमच्या बाबांना साष्टांग. इतक्या वर्षांनी चेहरा लक्षात राहिला, तोही एवढ्याशा भूमिकेतला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'विंटर लाइट' १९६३चा, ८१ मिनिटांचा. नोव्हेंबरातला एक रविवार, दुपारी बारा ते तीन. धर्मगुरू तोमासची श्रद्धा उडालेली आहे. बाराच्या प्रार्थनेला जेमतेम माणसं. मध्ये एक कोळी चीन अणुबॉम्ब टाकणार ह्या भीतीने त्याच्याकडे येतो, आणि पाद्री त्याला धीर द्यायचा तर आपलंच रडगाणं गातो. कोळी जाऊन स्वतःला गोळी घालतो. तोमास तीनच्या प्रार्थनेसाठी दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये पोचतो. तिथे मागच्या खोलीत फ्रोविक भेटतो. पूर्वी रेल्वेत होता, अपंगत्वाचं पेन्शन घेऊन आता चर्चचा सेवक. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या. पाठीत वाकलेला. हा एडवाल.

तो म्हणतो, माझी एक शंका आहे, विचारू का? रात्री दुखण्याने झोप येत नाही म्हणून तुमच्याच सांगण्यावरून बायबल वाचायला घेतलं. त्यात येशूच्या हालांबद्दल एवढं लिहिलंय. पण शरीराचे हाल म्हणाल तर चारेक तासांचे. लहान तोंडी मोठा घास होतोय, पण तेवढं तर मीही भोगलंय. मला वाटतं त्याचं खरं दुःख वेगळं असणार. तीन वर्षं ज्यांना शिकवलं ते झोपून गेले, मग पळाले. आणि क्रुसावर त्याने आकाशाकडे पाहून हाक मारली, तर तिकडून काहीच उत्तर नाही.

आता हे सगळं एखाद्या मोठ्या नटाने कसं म्हटलं असतं? डोळ्यांत पाणी, मध्ये विराम. एडवाल हे म्हणतो कसं, तर बिलात चूक सापडलेल्या कारकुनासारखं. अजिजीने, जरा ओशाळून, की साहेब इथे बेरीज जुळत नाहीये. अख्ख्या सिनेमात धर्मगुरूचं दुःख नेमकं कळलेला हा एकटाच, आणि त्याला स्वतःला ते ठाऊकही नाही.

तेव्हा तो चाळिशीच्या आतला होता हे मला फार उशिरा कळलं. मी साठीचा धरून चाललो होतो.

कुंपणावरचा

पडद्यामागचा, लिहिलंय छान, पण हे जरा अतिच होतंय. ८१ मिनिटांच्या सिनेमात माणूस पाच-सहा मिनिटं दिसतो आणि आपण त्याला महान ठरवतो. संवाद बर्गमनचे, उजेड छायाचित्रकार स्वेन निक्विस्टचा. नटाचं त्यात काय? त्यापेक्षा सापळ्यात अंगठा अडकल्यावर पोरांना दर वेळी हसवणं जास्त अवघड आहे. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

पडद्यामागचा

दिवे घेतले. पण तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. दोन्ही एकाच माणसाने केलंय हाच तर मुद्दा आहे.

टिपकागद

जाता जाता, नाव अॅलन नाही, अलान. ल वर किंचित रेंगाळायचं. मुग्धाताईंनी बरोबर लिहिलंय म्हणून त्यांना एक सुपाचं भांडं बक्षीस.

माल्मोची_मुग्धा

@टिपकागद, बक्षीस डोक्यात अडकवून घेणार नाही.

@पडद्यामागचा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. 'बिलात चूक सापडलेला कारकून' ऐकून हसले. त्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. म्हणाले, "असे लोक काउंटरवर यायचे. चूक आपली असायची आणि माफी ते मागायचे."

दवबिंदू७९

एक अवांतर. त्याच 'विंटर लाइट'मध्ये ऑर्गन वाजवणारा जो कडवट माणूस आहे, जो शेवटी त्या शिक्षिकेला इथून निघून जा म्हणून सांगतो, तो ओलोफ थुनबर्ग. म्हणजे ग्रेटा थुनबर्गचे आजोबा! आणि स्वीडिश मुलांना ते ठाऊक आहेत ते बामसे ह्या कार्टून अस्वलाचा आवाज म्हणून.

चकलीचा_सोऱ्या

म्हणजे त्या एका थंडगार चर्चमध्ये एक एमिलचा बाप आणि एक अस्वल, आणि पाद्री म्हणतोय देव कुठे आहे. अहो, पोरांना विचारायचं होतं.

उप्सालाकर

अजून एक घ्या. 'एमिल'मधली लिना, ती मोलकरीण, जी सारखी आल्फ्रेड ह्या गड्याच्या मागे लग्नासाठी लागलेली असते, ती मॉड हान्सन. बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'मध्ये चेटकीण म्हणून जिला जाळतात ती हीच. देश छोटा, नट मोजके, तेच लोक सकाळी मुलांच्या सिनेमात आणि रात्री मृत्यूसोबत. आपल्याकडे कसं, बालनाट्यवाले वेगळे, प्रायोगिकवाले वेगळे, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. तिथे ही भिंत दिसत नाही.

सह्याद्रीची_सून

उप्सालाकर, इतकंही नाही हं. आपल्याकडे निळूभाऊंनी 'सामना' केला, 'सिंहासन' केला आणि गावठी पाटीलही शेकड्याने रंगवले. चरित्र अभिनेता म्हणावं ते त्यांनाच.

कुंपणावरचा

निळूभाऊंना मध्ये आणू नका, ते वेगळंच पाणी. आणि हा शब्दच मला खटकतो. हिरो नाही, हिरॉइन नाही, खलनायक नाही, मग उरला तो 'चरित्र'. भाजी संपल्यावर उरलेल्या रश्श्याला काय म्हणायचं, तसं.

गवती_चहा

रस्साच तर खातात हो कोल्हापुरात.

पडद्यामागचा

+१ गवती चहा.

मुग्धाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एडवालला कुठल्याच खणात ठेवता येत नाही. बघा: 'द व्हर्जिन स्प्रिंग'मध्ये (१९६०) भिकारी. रात्री घाबरलेल्या पोराला तो आढ्याजवळचा धूर दाखवतो. बघ, वर कसा थरथरतोय, त्याला ठाऊकच नाही की बाहेर अख्खं आभाळ पडलंय. त्याच वर्षी बर्गमनच्याच विनोदी सिनेमात 'कानाचा सैतान' नावाचा सैतान! यान ट्रोएलच्या 'द एमिग्रंट्स'मध्ये (१९७१) स्वतःच्या घरात बायबलच्या बैठका घेतो म्हणून छळला जाणारा दान्येल. आणि त्याच वर्षी पहिला 'एमिल'. एकाच वर्षात एक शेतकरी देवाला हाका मारतोय आणि दुसरा पोराला.

दवबिंदू७९

'पोराला' हाच शब्द लागू पडतो. पण ह्या बापाबद्दल एक सांगायचंय. लहानपणी तो खलनायक वाटतो. मी आता दोन पोरांची आई आहे आणि मला तो बिचारा वाटतो. संडासात कोंडला जातो, खिडकीतून बाहेर यायला बघतो तर मधोमध अडकतो. अर्धा आत, अर्धा बाहेर. रक्त घालून भिजवलेल्या पिठाचं भांडं खिडकीतून तोंडावर पडतं. माणूस कंजूष आहे, तापट आहे, पण दुष्ट नाही. एडवालच्या आरोळीत राग वीस टक्के आणि 'आता काय झालं बाबा' ही धास्ती ऐंशी टक्के. नीट ऐका, शेवटचा सूर वर जातो.

श्टुटगार्टचा_श्रीपाद

जर्मन डबिंगमध्ये तो सूर खाली जातो. म्हणूनच आमची पोरं घाबरत असणार.

टिपकागद

अजून एक गंमत. लिंडग्रेनच्याच 'मादिकेन'मध्ये तो शेजारचा नील्सन झालाय, त्या पात्राचं नाव काय असावं? एमिल. आयुष्यभर ज्याच्या नावाने ओरडला, शेवटी स्वतःच तो झाला.

ओलं_काजूगर

मी गाण्यांच्या वाटेने आलो ह्याच्याकडे. स्टॉकहोममध्ये शिकत असताना रूममेट स्वीडिश होता, तो जेवण बनवताना एक रेकॉर्ड लावायचा. म्हाताऱ्याचा घोगरा आवाज, मागे दोन-तीन वाद्यं, चाल एकदम बडबडगीताची. मी म्हटलं, मुलांची गाणी आहेत का? म्हणाला, शब्द ऐक. शब्द होते म्हातारपणाचे, एकटेपणाचे, मोठ्या लोकांची टर उडवणारे. गाणी ह्यानेच लिहिलेली, ह्यानेच चाल लावलेली. एका रेकॉर्डचं नाव 'ग्नेलस्पीक', म्हणजे सारखा कुरकुर करणारा माणूस. स्वतःवरच हसून सुरुवात.

त्याच रूममेटने सांगितलं की लहानपणी 'विनी द पू' त्याने एडवालच्या आवाजातच ऐकलं. त्यामुळे मरणाचं गाणं म्हणणारा आणि अस्वलाची गोष्ट सांगणारा आवाज त्यांच्या डोक्यात एकच आहे.

आणि थिएटर! १९८६मध्ये, म्हणजे साठी उलटल्यावर, त्याने स्टॉकहोममध्ये ब्रुन्सगातान ४ ह्या पत्त्यावर तळघरात छोटंसं थिएटर काढलं. पत्ता हेच नाव. राष्ट्रीय रंगभूमीच्या शाळेत शिकलेला, बर्गमनकडे काम केलेला माणूस तिथे स्वतःच लिहायचा, बसवायचा, काम करायचा, तिकिटंही विकायचा. तो गेल्यावर कवयित्री क्रिस्तिना लुगन ह्यांनी ते चालवलं, त्यांच्यानंतर त्यांच्या मुलीने.

कुंपणावरचा, तुमच्या रश्श्याला हे उत्तर आहे. दुसऱ्याच्या ताटात वाढलेलं पुरे झालं, म्हणून त्याने स्वतःची चूल मांडली.

कुंपणावरचा

हे ठाऊक नव्हतं. तिकिटं स्वतः विकायचा हे वाचून मत जरा हललं. जरा.

सह्याद्रीची_सून

रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचं नाव कोणीच काढलं नाही? 'द सॅक्रिफाइस'मधला पोस्टमन ओटो!

कुंपणावरचा

झालं. मी जेवून येतो.

सह्याद्रीची_सून

जेवून या, पहिला शॉट तोवर चालूच असेल. नऊ-साडेनऊ मिनिटांचा आहे. गोटलांद बेटावरचा माळ, मागे समुद्र. बाप आणि मुका मुलगा वाळकं झाड लावतायत, आणि लांबून सायकलवर पोस्टमन येतो. बोलता बोलता सायकल त्यांच्याभोवती फिरवतो. तेवढ्यात पोराने हळूच त्याची सायकल दोरीने झुडपाला बांधून टाकलेली असते. ओटो निघतो आणि हिसका बसतो. नीत्शेवर बोलणारा माणूस आणि एमिलला शोभणारी खोडी, एकाच शॉटमध्ये! पंधरा वर्षांनीही पोरं त्याला सोडत नव्हती.

नंतर तो वाढदिवसाची भेट म्हणून युरोपचा जुना नकाशा आणतो, भलामोठा, चौकटीत बसवलेला. यजमान म्हणतो, अहो हे फार होतंय. ओटोचं म्हणणं, देताना काही सोडावं लागलं नाही तर ती भेट कसली? सिनेमाच्या नावाचा अर्थ पोस्टमन जाता जाता सांगून टाकतो.

चकलीचा_सोऱ्या

ह्याच सिनेमात ते घर जाळताना कॅमेरा अडकला आणि पुन्हा घर बांधून पुन्हा जाळलं ना? एमिलच्या बापाने हिशेब केला असता तर... घर किती क्रोनरचं होतं?

उप्सालाकर

@सोऱ्या, वर्षाचा प्रतिसाद. धाग्याची वाचनखूण साठवली.

मूळ प्रश्न राहिला. मुग्धाताई, माझं मत 'रोन्या' (१९८४). दरोडेखोरांचा किल्ला, जंगल, भुतंखेतं, लेकीला आवडेल. त्यात एडवाल टकला म्हातारा स्कालेपेर. तो जातो तेव्हा टोळीचा धिप्पाड नायक लहान मुलासारखा रडतो: तो तर कायमच होता, आणि आता नाही.

ओलं_काजूगर

माझं मत 'रासमुस' (१९८१). अनाथाश्रमातून पळालेला मुलगा आणि रस्त्यावर गाणी म्हणत हिंडणारा भटक्या ऑस्कर. इथे तो बाजूला नाही, मधोमध आहे. आजोबा-नातीसाठी हाच. शेवट सांगत नाही.

माल्मोची_मुग्धा

सर्वांचे आभार. रविवारी 'रासमुस' पाहिला. इंग्रजी सबटायटल मिळाली नाहीत, त्यामुळे लेक सोफ्यावर उकिडवी बसून स्वीडिशचं मराठी करत होती. "आजोबा, तो म्हणतोय मी देवाचा कोकीळ आहे." कोकीळ की कोकिळा ह्यावर पाच मिनिटं सिनेमा थांबवला. मुळात तो आपला कोकीळ नव्हेच, कुकू. शेवटी श्रीमंत घर सोडून पोरगा ऑस्करकडे धावतो (सॉरी काजूगर, सांगून टाकलं), तेव्हा बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, हीटरमुळे काच धुरकट होते.

मग त्यांनी हट्ट धरला, आता माझा सीन दाखव. लॅपटॉपवर 'विंटर लाइट'मधला फ्रोविक लावला. लेक दोन मिनिटं गप्प बसून बघत होती. कृष्णधवल, कोणी हलत नाही, मला वाटलं आता उठेल. तिने विचारलं,

"हा ओरडत का नाहीये?"

बाबा म्हणाले, "आज एमिल घरी नाही."

ते तिला पटलं. पुढचा सगळा सीन बघितला.

दवबिंदू७९

बाबांना आयडी काढून द्या हो इथे.

उप्सालाकर

परत जायच्या आधी त्यांना इकडे घेऊन या. नदीकाठच्या जागा दाखवतो. फक्त थर्मल घालून या, वारा फार आहे.